गुरुजींची कोरी तारीख

"आज तारीख काय हो?" असं कोणी सहज विचारलं तरी माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागते. डॉक्टर म्हणतात रक्तदाब. रक्तदाब कसला, मला सासरे होते.

म्हणजे सुरुवातीला ते सासरे नव्हते, नुसते घरमालक होते. मी अकोल्याकडचा, तहसील कचेरीतला कोवळा कारकून. बदली होऊन बुऱ्हाणपूरला उतरलो आणि लोधीपुऱ्यात एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून वळकटी खांद्यावर टाकून थेट ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. ओट्यावर एक काळा फळा, आणि फळ्याशेजारी वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखे उंच, कोट-टोपीतले एक गृहस्थ. दहाही बोटांना खडू. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. मराठी शाळेत ते इतिहास शिकवत.

"नमस्कार. खोली पाहायला आलोय."

"आज काय?"

"मंगळवार."

"वार नाही विचारला. आज काय झालं होतं?"

मी गडबडलो. "आज... मी बुऱ्हाणपूरला आलो."

"ते इतिहासात जात नाही." त्यांनी खडू फळ्यावर रोखला. "वाचा. आजच्याच तारखेला एका किल्लेदारानं अनोळखी माणसांना दार उघडलं आणि गड गेला. आज मी कोणाला घरात घेणार नाही. उद्या या. उद्या काही नाही, फक्त एक भूकंप आहे."

शहाण्या माणसानं तिथल्या तिथे दुसरं बिऱ्हाड शोधलं असतं. मीही शोधणार होतो. पण धर्मशाळेकडे वळताना एकदा मागे पाहिलं, तर माडीच्या खिडकीत एक मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी भूकंपाच्या मुहूर्तावर मी वळकटी आत टाकली.

रोज सकाळी सहाला गुरुजी ओल्या फडक्यानं तो फळा पुसत आणि त्या तारखेला जगाच्या पाठीवर काय काय घडलं ते लिहीत. इथपर्यंत ठीक होतं. हल्ली वर्तमानपत्रंही दिनविशेष छापतात. पण गुरुजी ते नुसतं लिहीत नसत, पाळत. पंचांगाला ते मोठ्यानं हसत. "ग्रह म्हणे! आभाळातल्या दगडांना माझ्या हजामतीशी काय देणंघेणं?" आणि हे म्हणणारा माणूस एखाद्या राजाचा शिरच्छेद झालेल्या दिवशी न्हाव्याला पायरीवरूनच परत पाठवी. न्हावी शेवटी रडकुंडीला येई. "गुरुजी, तुम्हीच बताओ, कोणत्या दिवशी कोणाची मान कापली नाही?" गुरुजी आत जाऊन वही पाहत आणि बाहेर येऊन सांगत, "पुढल्या गुरुवारी ये. दुपारी बारानंतर." त्यामुळे त्यांची दाढी कधी वीतभर, तर कधी अंड्यासारखी गुळगुळीत. त्या पंधरवड्यात जगात किती राजे मेले, हे दाढीच्या लांबीवरून ओळखता येई.

संक्रांतीला तर कहर. गल्लीतल्या बायाबापड्या नवी लुगडी नेसून तिळगूळ घेऊन निघाल्या की गुरुजी ओट्यावर हात आडवा करून उभे. "आज पानिपत! एवढी माणसं कापली गेली आणि गोड बोला म्हणता? कोणाशी बोलू? वाचलंय कोण?" बायका हिरमुसून परत. तीन वर्षांत अशी वेळ आली की आमच्या गल्लीत संक्रांतीचा तिळगूळ दारं लावून, चोरीचा माल वाटावा तसा वाटला जाऊ लागला.

गाव हसत असे, पण हसता हसता गावच बिघडलं. टांगेवाला स्टेशनाकडे सवारी नेण्याआधी फळ्यासमोर घोडा थांबवी. जैनाबादचा एक केळीवाला पाटील होडीनं तापी ओलांडून खास विचारायला येई.

"गुरुजी, उद्या बाग कापून ऱ्हायलो. उद्याचं काही लफडं तं नाही ना?"

"उद्या तह आहे. तहाच्या दिवशी कापाकापी नको."

पाटील मान डोलवून परत जाई आणि तिकडे घड पिकून पोपटांची दिवाळी होई. मी एकदा त्याला म्हणालो, "अहो पाटील, त्यापेक्षा भटजींना विचारा ना!" तर म्हणतो, "भटजी दक्षिणा घेऊन नाही म्हणते, भाऊ. गुरुजी फुकटात नाही म्हणतेत."

शाळेत त्यांची शिकवण्याची पद्धत याहून भयंकर. इतिहास घराण्याप्रमाणे शिकवायचा, सनावळीप्रमाणे शिकवायचा, हे त्यांना मान्यच नव्हतं. ज्या तारखेला जे घडलं ते त्या तारखेलाच शिकवायचं. जुलैच्या एखाद्या सकाळी मोगल, लगेच फ्रान्स, मग एकदम देवगिरी. परिणाम असा झाला की उन्हाळ्याच्या सुट्टीत जगात जे काही घडलं, त्याचा त्या शाळेतल्या पोरांना जन्मभर पत्ता लागला नाही. सत्तावनचा उठाव त्यांना जुलैपासून पुढे तोंडपाठ. तो मे महिन्यात कोणी सुरू केला हे कोणालाच माहीत नाही. बुऱ्हाणपुरातले आजचे सत्तरीचे म्हातारे धरून विचारा. मे महिना म्हटलं की त्यांना फक्त आंबे आठवतात.

या सगळ्या उद्योगाचं मूळ म्हणजे एक वही. वही कसली, दोन माणसांनी उचलायचं धूड. तीनशे सहासष्ट पानं. एका तारखेला एक पान, लीप वर्षाचंही सोडलेलं नाही. देश स्वतंत्र झाला त्या आठवड्यात, म्हणजे मी यायच्या आधी, गुरुजींनी लाल शाईची दौत घेऊन या वहीतून इंग्रजांचे सगळे सोहळे खोडून काढले होते. राजाचा राज्याभिषेक, राणीचा जाहीरनामा, व्हाइसरॉयची हत्तीवरची मिरवणूक, सगळं बाद. आपण हरलो ते ठेवलं, त्यांनी मिरवलं ते काढलं. त्यानंतर खोडलेली पानं फाडून, नवीन घालून, वही पुन्हा शिवली.

नव्या नोंदी येत त्या चिठ्ठ्यांमधून. गुरुजींना वाचता वाचता, चालता चालता, जेवताना घास हातात धरून काहीतरी सापडे आणि ते हाताशी येईल त्या कागदावर टिपत. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, उदबत्तीच्या पुड्यावर, एकदा तर माझ्या रजेच्या अर्जावर. नेपानगरला सरकारनं एवढी अवाढव्य कागदाची गिरणी उभारली ती फक्त गुरुजींना चिठ्ठ्या पुरवण्यासाठी, अशी माझी खात्री होती. या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यांत जात. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून डब्यातल्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून वहीत सुबक अक्षरात उतरवण्याचं काम त्यांच्या एकुलत्या मुलीकडे होतं. खिडकीत हसणारी ती हीच. इंदू.

आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वाचायचो, गुरुजी डोळे मिटून "चिठ्ठी!" ओरडायचे, इंदू चिठ्ठी करायची. लोक चोरून बागेत भेटतात, आमचं सगळं बापाच्या देखत, हरलेल्या लढायांच्या साक्षीनं चाललं होतं.

"आज काय?" मी हळूच विचारी.

"दोन सुलतान आणि एक वादळ," ती मान खाली घालून सांगे. "आणि तुमच्या सदऱ्याचं बटण तुटलंय."

यथावकाश अकोल्याहून माझे मामा आले. मला आईवडील नव्हते. जे काही ठरवायचं ते मामांनी. मामा म्हणजे तोंडाचे फटकळ, पण काळजाचे साफ. त्यांना मुलगी पसंत, गुरुजींना मी पसंत. सुपारी फुटायला काहीच हरकत नव्हती. गल्लीतले भटजी पंचांग घेऊन आले आणि त्यांनी चांगले तीन मुहूर्त काढून दिले. गुरुजींनी वही मागवली.

"एप्रिलातला नको. असीरगड इंग्रजांनी घेतला तो आठवडा. तोफांचा आवाज इथपर्यंत येत होता म्हणे."

"बरं," मामा म्हणाले. "मग मे मधला घ्या."

"मे मध्ये श्रीरंगपट्टण पडलं."

"ते कुठी आहे?"

"म्हैसूरकडे."

"एवढ्या दूरचं काहून लावून घेता बुवा जिवाले? जूनचा घ्या."

गुरुजींनी पानं उलटायची थांबवली. मग म्हणाले, "जून नको. जूनमध्ये बेगम गेली."

"कोण बेगम?"

"बादशहाची. पुढे आग्र्याला तिच्यासाठी एवढं संगमरवर लागलं ती. गेली इथे, किल्ल्यात. नदीपलीकडे जैनाबादला सहा महिने पुरून ठेवलं होतं बिचारीला."

"मेली तं मेली! लय वर्षं झाली! आमच्या पोराचं लगन काहून अडवते ते?"

"बाळंतपणात गेली हो ती," गुरुजी म्हणाले आणि वही मिटली.

इंदूची आईही तशीच गेली होती. इंदूच्याच वेळी. ते मला शेजारच्यांकडून कळलं. फळ्यावर ती तारीख मी कधी पाहिली नाही.

त्या क्षणी मला त्यांची दया आली, हे खरं. पण दया दोन दिवस टिकते, गुरुजी वर्षभर टिकत. भटजींनी आणखी सात मुहूर्त काढले, गुरुजींनी सातही पाडले. एकात एक जहाज बुडालं होतं, एकात कुठल्याशा पोपला विष घातलं होतं. "पोपचं आणि आपलं सोयरसुतक आहे का?" म्हणून मी ओरडलो तर म्हणाले, "माणूसच होता ना?" भटजींनी पंचांग काखेला मारलं. "गुरुजी, लग्न मुलीचं लावायचंय, युरोपचं नव्हे!" म्हणाले आणि तरातरा निघून गेले. लग्नसराई संपली. चतुर्मास लागला.

इकडे कचेरीत निराळीच धावपळ. राज्यांची फेररचना होणार होती. आमचं जुनं राज्य मोडून अर्धं इकडे, अर्धं तिकडे जायचं होतं आणि आम्हा कारकुनांना फॉर्म आले होते: कोणत्या बाजूला जायचं ते लिहा. मी अकोल्याकडचा, मामांनी हात धरून विदर्भ लिहायला लावलं. कधी जावं लागेल ते ठरलं नव्हतं, पण जावं लागणार हे नक्की. मामांनी निर्वाणीचं पत्र टाकलं. दिवाळीपर्यंत तुझ्या गुरुजीला दिवस सापडला तर ठीक, नाहीतर मूर्तिजापूरची एक मुलगी पाहून ठेवली आहे, वकिलाची आहे, तिच्या बापाला वार सोडून काही कळत नाही.

हे पत्र मी इंदूला दाखवलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि डबे उपसायला बसली. चार दिवस ती जेवणापुरती उठे. पाचव्या दिवशी वही कशीबशी ओढत ओट्यावर आणली.

"बाबा, हे पान पाहा."

गुरुजींनी पान डोळ्यांपाशी धरलं, लांब धरलं, उजेडाकडे धरलं. काहीच नव्हतं. नोव्हेंबरची पहिली तारीख. कोरी करकरीत.

"असं कसं होईल?" ते पुटपुटले. आठ दिवस त्यांनी झोप घेतली नाही. शाळेतली पुस्तकं उलथून टाकली, खांडव्याला पत्र घातलं. मग एकाएकी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "अरे, राणीचा जाहीरनामा होता! मीच खोडला! त्याखेरीज काहीच नव्हतं!" आणि तो साठीचा माणूस ओट्यावर चक्क नाचला. मी स्वतः पाहिलंय. धोतराचा सोगा हातात धरून. "लग्न पहिल्या तारखेला!"

भटजी धावत आले. "ऐन दिवाळीत? चतुर्मासात? अहो, देव झोपलेत अजून!"

"देव झोपलेत तेच बरं," गुरुजी म्हणाले. "इतिहासही झोपलाय. दोघेही झोपलेत असा दिवस वर्षात मिळतो कुठे?"

मामांना मी तार केली. पत्रिका लिहिल्या गेल्या. आणि महिन्याभरात कचेरीत परिपत्रक येऊन पडलं. मी ते सायबाच्या टेबलावर उलटं वाचलं आणि माझ्या पायांखालची फरशी सरकली. नवी राज्यं अस्तित्वात येणार ती नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून. बुऱ्हाणपूर भोपाळच्या हाताखाली, अकोला मुंबईच्या. तीनशे सहासष्ट दिवसांतला एकुलता एक रिकामा दिवस, आणि सरकारला नेमका तोच सापडला!

मी ठरवलं, गुरुजींना कळूच द्यायचं नाही. वर्तमानपत्र मीच वाचत होतो ना! तीन आठवडे मी त्यांना कापसाचे भाव वाचून दाखवले, कुस्त्यांचे निकाल वाचून दाखवले, एकदा तर केसांच्या तेलाची जाहिरात बातमीच्या सुरात वाचली. "देशात काही घडतच नाही हल्ली," गुरुजी समाधानानं म्हणाले. इंदू खाली मान घालून हसली. आणि एका सकाळी त्या मेल्या टांगेवाल्यानं फळ्यासमोर घोडा थांबवला.

"गुरुजी, पहली तारीख को अपना राज बदल रहा है ना? बड़ा जुलूस है! फळ्यावर लिहिणार ना तुम्ही?"

गुरुजी आत गेले. पान काढलं. दौत घेतली. मोठ्या अक्षरांत ती नोंद केली, आणि शाई टिपायला वाळूही न टाकता बाहेर येऊन म्हणाले, "लग्न रद्द."

मामा त्याच दिवशी बैठकीसाठी आले होते. दाराशी चपला काढत होते, त्या पुन्हा घातल्या.

"गुरुजी!" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "पोपचं ऐकून घेतलं, जहाजाचं ऐकून घेतलं! यात कोण मेलं? कोणी हरलं का? राज्यं मोडत नाहीयेत, जोडतायत!"

"कोणाला कोणाशी जोडतायत?" गुरुजींचा आवाज फाटला. "मी इकडे आणि माझी पोर तिकडे! मला सांगा, कोणत्या बाजूनं जोडलं हे?"

"चाल रे," मामा मला म्हणाले. "मूर्तिजापूरची गाडी दोनला आहे."

तेवढ्यात इंदू हात पुसत बाहेर आली. चार माणसांत ती कधी बोलत नसे.

"बाबा, ते पान कोरं नव्हतंच."

"म्हणजे?"

"त्या तारखेच्या तीन चिठ्ठ्या होत्या डब्यात. मी उतरवल्या नाहीत. मला एक दिवस हवा होता."

 शेजारच्या विणकराचा माग थांबला. टांग्याचा घोडासुद्धा चघळायचा थांबला.

गुरुजी ओट्यावर बसले. पोरीनं फसवलं, याचं दुःख त्या तोंडावर नव्हतं. वही अपुरी आहे, याचं होतं. "काय होतं त्यात?"

"लग्न लागल्यावर सांगीन."

"गड होता का?"

"लग्न लागल्यावर."

"निदान शतक तरी सांग!"

"अक्षता पडल्यावर, बाबा. नाही पडल्या तर नाही."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, मग आढ्याकडे पाहत म्हणाले, "मला... अंधुक आठवतंय. एक बहुतेक आरमार होतं." स्वतःच्या हातची चिठ्ठी आपण विसरलो, हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी समुद्रात उडी घेतली असती.

तीन दिवस फळा कोरा राहिला. गावात लोकांना काय करावं सुचेना. जैनाबादच्या पाटलानं भीतीनं बागेत पाऊलच टाकलं नाही. चौथ्या दिवशी फळ्यावर एकच ओळ होती: लग्न पहिल्या तारखेलाच. कारण मागाहून कळेल.

त्या लग्नासारखं लग्न बुऱ्हाणपुरात झालं नाही. गावात बँड एकच, तो नव्या राज्याच्या मिरवणुकीनं आधीच पटकावलेला. तेव्हा मामांनी युक्ती केली: माझा घोडा मिरवणुकीच्या मागेच लावून दिला. शनवाऱ्याच्या फाटकापर्यंत पोचतो तो लोक मलाच नवा मंत्री समजून हार घालायला लागले. एका म्हातारीनं तर नळाची तक्रारही सांगितली; मी "बघतो" म्हणालो. भटजी लग्न लावायला येणार नव्हते, पण गुरुजींची फजिती जवळून पाहायला मिळेल म्हणून आले, आणि आलेच आहेत तर मंगलाष्टकंही म्हणाले.

आम्ही अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे. तिसऱ्या अष्टकाच्या शेवटी इंदूच्या मागून गुरुजींचा आवाज आला.

"इंदे, आता सांग."

"सावधान व्हायचंय अजून, बाबा."

पाचव्यानंतर पुन्हा. "एकच सांग. युरोपातली आहे का?"

"गुरुजी, गप बसा!" भटजी मंगलाष्टकाच्याच चालीवर ओरडले.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि वधूपिता पान-सुपारीऐवजी दौत-लेखणी घेऊन जावयासमोर उभा राहिला. इंदूनं डोळे पुसत सांगितलं, "ट्रंकेच्या तळाशी ठेवल्यात, बाबा. सामान बांधलंय. अकोल्याला पोचले की पाठवते."

ट्रंक अकोल्याला गेली. चिठ्ठ्या काही आल्या नाहीत.

आमच्यात तेव्हा रीत होती, मूलबाळ होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी बाप पीत नसे. गुरुजींसारखे पुराव्याचे आग्रही ही रीत भटजींपेक्षा कडक पाळत. लेकीच्या सासरी पाऊल टाकणं दूरच, पत्रसुद्धा मायन्यातच संपायचं. पण वर्ष व्हायच्या आत एका दुपारी दारात टांगा थांबला आणि आतून आधी एक सुरई उतरली, मग गुरुजी उतरले. तापीचं पाणी, आठ दिवस पुरेल असा शिदोरीचा डबा, आणि काखेत वही.

"राहायला नाही आलो," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "चिठ्ठ्यांचं विचारायला आलोय."

"शोधते, बाबा. बसा ना."

बसले ते आठ दिवस. ओसरीवर. तापीचं पाणी तीन दिवसांत संपलं, मग स्टेशनावरच्या नळाचं पाणी रेल्वेचं असतं, जावयाचं नसतं, असा निर्णय त्यांनी दिला आणि रोज ते आणायला मला पाठवलं! कचेरीतून दमून आलेला कारकून सासऱ्यासाठी मैलभर सुरई वाहतोय, हे दृश्य अकोल्यानं पाहिलंय. जाताना इंदू म्हणाली, "या खेपेला सापडल्या नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा या, तोवर काढून ठेवते."

त्यानंतर ते दर वर्षी आले. कधी दोनदा. पहिला मुलगा झाला तेव्हा पंधरा दिवस इंदूच्या खोलीबाहेर बसून होते, वही न उघडता. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत कळल्यावर आमच्या माठातलं पाणी तांब्यानं घटाघटा प्यायले. सुरईचा त्रास संपला, बाकीचा वाढला. आमच्या ओसरीवर फळा आला. आमच्या गल्लीतला न्हावी परत जाऊ लागला. आमची पोरं संक्रांतीला हात आडवे करून दारात उभी राहू लागली. आणि रोज संध्याकाळी तोच संवाद. "इंदे, सापडल्या?" "माळ्यावरच्या पेटीत असतील, बाबा. उद्या बघते." मी वैतागून तिला म्हणे, "अगं, देऊन टाक एकदाच्या! म्हातारा निवांत घरी तरी बसेल!" ती म्हणे, "हो, देते ना," आणि पोळ्या लाटत राही. एकदा मी स्वतः पेटी उलथली. जुन्या पत्रिका, एक बटण, बाकी काही नाही.

अकरा वर्षं चाललं हे. बाराव्या वर्षी ते आले नाहीत, आम्हीच गेलो. तेरावा आटोपल्यावर घर आवरताना मी वही उघडली. नोव्हेंबरचं पहिलं पान. वर नव्या राज्याची नोंद, मोठ्या अक्षरांतली. आणि तिच्याखाली तीन आकडे घातलेले, एक, दोन, तीन. पुढे तीन ओळी मोकळ्या, पट्टीनं आखून ठेवलेल्या.

 राग आला, खरं सांगतो. बायकोवर.

"इंदू, आता तरी सांग. काय होतं त्या चिठ्ठ्यांत?"

ती डबे पुसत होती. "कसल्या चिठ्ठ्या? राणीचा जाहीरनामा खोडल्यावर त्या तारखेला काहीच नव्हतं. खरंच कोरा होता दिवस."

"म्हणजे लग्न मोडू नये म्हणून खोटं बोललीस. बरं केलंस. पण लग्न झाल्यावर सांगायचं ना! बिचारा माणूस अकरा वर्षं, दुसऱ्या राज्यातून, गाडीचे धक्के खात, त्या सुरया घेऊन—"

"मग?" तिनं फडकं खाली ठेवलं. "नुसतं 'बाबा, या' म्हटलं असतं, तर आले असते?"